इंदूरहून बडोद्याला बिऱ्हाड हलवताना सायकलने जावे का, आणि वाटेतल्या जुन्या मित्रांना कसे कळवावे?

रामबागकर, इंदूर

नमस्कार. माझे वय ५२ आहे आणि आजवरचे सारे आयुष्य इंदुरात, त्यातही बहुतेक रामबागेतल्या एकाच भाड्याच्या घरात गेले. पीथमपूरच्या एका कारखान्यात २७ वर्षे आरेखन विभागात काम केल्यानंतर आता हालोलजवळ नवी नोकरी मिळाली आहे आणि जानेवारीत आम्ही बडोद्याला राहायला जात आहोत. सामान ट्रकने जाईल, पत्नी आणि सासूबाई रेल्वेने जातील. मी मात्र सायकलने जावे असे मनाने घेतले आहे, आणि ते केवळ हौसेपोटी नाही.

१९९४ च्या पावसाळ्यात पॉलिटेक्निकमधले आम्ही पाच जण इंदूरहून मांडूला सायकलने गेलो होतो. सायकली साध्या, एका गिअरच्या होत्या आणि दोन तर भाड्याच्या होत्या. नालछ्याच्या अलीकडे माझी साखळी तुटली, तेव्हा आमच्यातल्या एकाने सपाटीवर माझ्या पाठीला हात लावून मला ढकलत आणि चढावर माझ्याबरोबर उतरून चालत अंधार पडेपर्यंत मांडूला पोहोचवले. त्या पाचांपैकी एक जण आज धारला आहे, एक झाबुआत शिक्षक आहे, एक देवगड बारियाला शेती पाहतो, आणि ज्याने मला ढकलत नेले तो दाहोदला आहे. नकाशा उघडून पाहिला तेव्हा ध्यानात आले की हे चौघेही इंदूर आणि बडोदे यांच्यामध्ये जवळजवळ एका ओळीत राहतात, आणि रेल्वेने गेलो तर या सर्वांना मी झोपेतच मागे टाकणार होतो.

माझी सायकल पोलादी सांगाड्याची, ३५ मिलिमीटर टायरची आणि रिम ब्रेकची आहे. दर रविवारी ५० ते ६० किलोमीटर चालवण्याची सवय आहे, मात्र ओझे घेऊन सलग चार-पाच दिवस कधी चालवलेली नाही. मुक्काम कुठे करावेत, ओझे किती घ्यावे आणि वाटेतल्या माछलिया घाटात काय सांभाळावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. दाहोदच्या मित्राचे वडील २००९ साली गेले. माझ्या पॉलिटेक्निकच्या दिवसांत मी त्यांच्या घरी किती वेळा जेवलो असेन, याची गणती नाही. तरीही मी त्या वेळी गेलो नाही, पत्रही लिहिले नाही. आधी कामाची सबब होती, नंतर उशीर झाल्याची लाज होती, आणि अशा रीतीने वर्षे निघून गेली. त्याच्या घरी न कळवता थेट जाऊन उभे राहावे, की आधी कळवावे? न कळवता गेलो तर निदान भेट होईल असे एक मन म्हणते.

बीआरएमवाला, इंदूर

रामबागकर, प्रथम रस्त्याविषयी लिहितो, कारण बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, केल्यामुळे त्यातले मला थोडे कळते. हा रस्ता मी दोनदा सायकलने केला आहे.

बेटमा, घाटाबिल्लोद, धार, सरदारपूर, राजगड, झाबुआ, पिटोल आणि दाहोद असा राष्ट्रीय महामार्ग ४७ आहे. इंदूर ते धार सुमारे ६५ किलोमीटर, धार ते झाबुआ सुमारे ९०, झाबुआ ते दाहोद सुमारे ४५ पडतात. दाहोदनंतर पिपलोदवरून दक्षिणेकडे वळले की देवगड बारिया येते, आणि तिथून घोघंबा व हालोल करून बडोद्याला पोहोचता येते. सगळे मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर होईल. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि बडोदे सुमारे ४० मीटरवर, त्यामुळे एकूण कल आपल्या बाजूचा आहे. तरीही राजगडपासून दाहोदपर्यंत रस्ता सतत वरखाली होत राहतो आणि ओझ्याच्या सायकलीवर ते छोटे चढच पाय थकवतात.

आपल्या सवयीचा माणूस पहिल्या दिवशी धार ओलांडून राजगडपर्यंत सहज जाईल. मी मात्र आपल्याला धारलाच थांबण्याचा आग्रह करीन. मित्रांना भेटण्यासाठी केलेला प्रवास आणि अंतर कापण्यासाठी केलेला प्रवास यांचे वेळापत्रक एकच नसते. मी एकदा १३० किलोमीटर चालवून संध्याकाळी सातला एका बालमित्राकडे पोहोचलो, जेवलो आणि त्याचे बोलणे चालू असताना बसल्या जागी झोपलो. सकाळी सहाला मला निघायचे होते. त्याने माझ्यासाठी सुट्टी घेतली होती, हे मला नंतर समजले. म्हणून ज्या दिवशी मित्राकडे मुक्काम असेल, त्या दिवशी दुपारी एकच्या आत पोहोचता येईल एवढेच अंतर ठेवावे. धार–झाबुआचा दिवस तेवढा याला अपवाद होईल, आणि त्याचा उपाय म्हणजे झाबुआत दोन रात्री राहावे.

ओझे १२ किलोच्या वर जाऊ देऊ नये. सगळे मागच्या कॅरियरवर लादण्यापेक्षा तीन-चार किलो पुढे घ्यावे आणि जड वस्तू पिशवीत तळाला ठेवाव्यात. ओझ्याच्या सायकलीचा स्पोक बहुतेक वेळा मागच्या चाकाचा, आणि त्यातही कॅसेटच्या, म्हणजे साखळी फिरते त्या दातेरी चकत्यांच्या, बाजूचा तुटतो, कारण त्या बाजूचे स्पोक अधिक ताणलेले असतात. त्या बाजूच्या स्पोकची लांबीही दुसऱ्या बाजूपेक्षा थोडी कमी असते. म्हणून दोन्ही लांबींचे दोन-दोन स्पोक मोजून घ्यावेत आणि सांगाड्याला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत. कॅसेट काढण्याचे हत्यार नसेल तर त्या बाजूचा स्पोक बसवता येत नाही. अशा वेळी शेजारच्या स्पोकचे निप्पल, म्हणजे स्पोक रिमला धरणारा छोटा नट, थोडे सैल-घट्ट करून चाक ब्रेकला न घासेल इतके सरळ करावे आणि पुढच्या गावापर्यंत सावकाश जावे.

महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या तारांचे केसासारखे तुकडे पडलेले असतात. पंक्चर झाल्यावर नुसती ट्यूब बदलली आणि तार टायरमध्येच राहिली, तर दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते. म्हणून भुवया कोरण्याचा साधा चिमटा जवळ ठेवावा. विश्रांतीला थांबताना सायकल गवतात नेऊ नये, बाभळीचे काटे तिथेच असतात.

घाटात रिम ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम तापते. काही क्षण जोराने दाबून वेग उतरवावा, मग पूर्ण सोडावा, आणि पुढचा व मागचा आलटून पालटून वापरावा. घाट दुपारच्या उजेडात उतरावा, अंधारात मुळीच नको. जानेवारीत नीट उजाडायला सात वाजतात, त्यामुळे पहाटे पाचला निघण्याचा मोह टाळावा.

दाहोदच्या मित्राविषयी सल्ला देण्याचा अधिकार मला नाही.

गृहस्थ, उषानगर

माझे म्हणणे थोडे कडू वाटेल, पण विचार करून लिहीत आहे. २०११ साली आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले घर सोडून इंदूरला आलो. नव्या गावातले पहिले आठ-दहा दिवस काय असतात ते मला ठाऊक आहे. गॅसची जोडणी बदलायची असते, वीज आणि पाण्याचे कागद करायचे असतात, आधारवरचा पत्ता बदलायचा असतो, वयस्कर माणसांच्या औषधांचे दुकान आणि डॉक्टर शोधायचे असतात, आणि हे सगळे चालू असताना कपाट कोणत्या भिंतीला लावायचे याचीही कुणीतरी वाट पाहत असते. आपण त्या वेळी झाबुआत मित्राबरोबर गप्पा मारत असाल, तर हा सर्व भार वहिनींवर पडेल आणि सोबत सासूबाईही आहेत. आपल्या प्रश्नात वहिनींचा उल्लेख एका वाक्यात संपला आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

माझी सूचना अशी आहे की आपण ट्रकबरोबर बडोद्याला जावे, घर लावावे, सायकल इंदुरातच कुणाकडे ठेवावी, आणि नोकरीवर रुजू होण्याआधी पाच-सहा दिवस मोकळे काढून रेल्वेने परत येऊन मग निघावे. मित्र १५ वर्षे थांबले आहेत, ते आणखी तीन आठवडे थांबतील.

दांडिया बाजारची ताई, बडोदे

गृहस्थांची सूचना मला पूर्ण पटली, आणि तिच्यामागे आणखी एक कारण आहे. गुजरातेत १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण असते. त्या सुमारास आकाशात जेवढे पतंग असतात त्याहून अधिक मांजा झाडांवर, तारांवर आणि रस्त्यांवर आडवा लटकलेला असतो. दुचाकीवाले गळा चिरू नये म्हणून पुढे तारेची कमान लावून घेतात. सायकलवाल्याला तसे संरक्षण नसते. सणानंतरही कित्येक दिवस तुटलेला मांजा तसाच राहतो. आपण फेब्रुवारीत आलात तरी गावांतून जाताना गळ्याभोवती जाड सुती मफलर असू द्यावा.

मी मूळची इंदूरचीच. १९८८ साली लग्न होऊन या गावी आले. माझे यजमान सायकलवरून दूरदूर जात असत आणि त्यांचे सायकलवाले मित्र आमच्याकडे उतरत असत, त्यामुळे पाहुणचार करणाऱ्या घराच्या बाजूने दोन गोष्टी सांगू शकते. येणाऱ्याने 'संध्याकाळपर्यंत येतो' असे सांगितले की घरातले कुणीच वेळेवर जेवत नाही. म्हणून 'जेवण वाटेत करून चार वाजेपर्यंत येईन, उशीर झाला तर फोन करीन' इतके स्पष्ट सांगावे. आणि निरोप केवळ मित्राला देऊ नये, घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिच्याशी स्वतः बोलावे. मित्र पुष्कळदा आनंदाच्या भरात घरी सांगायचेच विसरतो. धुतलेले कपडे वाळत घालायला दोरी आणि सायकल ठेवायला आतली जागा, एवढेच आपले मागणे असावे. भेट म्हणून मिठाईचे जड डबे वाहू नयेत. १९९४ चे एखादे छायाचित्र असेल तर त्याच्या चार प्रती काढून न्याव्यात, त्यांना वजन नसते.

आता दाहोदविषयी. आपण लिहिले आहे की न कळवता गेलो तर निदान भेट होईल. ते खरे आहे, पण ती भेट कशी होईल याचा विचार करावा. आपल्याकडे दारात उभ्या राहिलेल्या, घामाने भिजलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत. तो आपल्याला आत घेईल, पाणी देईल, जेवू घालील, आणि त्याच्या मनात काय आहे हे विचारण्याची संधी ना त्याला मिळेल ना आपल्याला. न कळवता जाणे म्हणजे दार उघडण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग न ठेवणे. जो माणूस १५ वर्षे दुखावलेला आहे, त्याला निदान 'नको' म्हणण्याचा हक्क असला पाहिजे.

म्हणून त्याला पत्र लिहावे, आणि ते फोनवरून पाठवायच्या संदेशात नव्हे तर कागदावर, कारण पत्राला त्याच क्षणी उत्तर द्यावे लागत नाही. वडिलांच्या वेळी आपण आला नाहीत हे पहिल्याच परिच्छेदात सरळ लिहावे. कामाची सबब लिहू नये. आपण कोणत्या दोन दिवसांत दाहोदला असाल आणि मुक्कामाची सोय लॉजमध्ये केली आहे हे कळवावे, आणि ती सोय खरोखरच करावी, म्हणजे रात्रीच्या आसऱ्याचे दडपण त्याच्यावर येणार नाही. उत्तर आले नाही तर दाहोदहून पुढे निघावे.

बडोद्यात शिरण्याविषयी थोडे सांगते. हालोलला पावागड आपल्या डाव्या हाताला येईल. चांपानेरचे जुने शहर त्याच्या पायथ्याशी आहे आणि २००४ पासून पावागडासह ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथे घाई करू नये. आमची विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते आणि बडोद्याच्या मधून वाहते, तेव्हा शेवटचा दिवसभर आपण आणि ती एकाच गावाकडे निघालेले असाल. पुढे मोठा रस्ता मध्येच सोडून सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराकडे वळावे आणि आजवा रस्त्याने पाणीगेटातून थेट जुन्या शहरातल्या मांडवीपर्यंत यावे. त्या तलावाचे पाणी शहराला मिळू लागले तेही याच बाजूने.

महीकाठचा, सरदारपूर

नद्यांची गोष्ट निघालीच आहे म्हणून दोन ओळी लिहितो. घाटाबिल्लोदला आपण ज्या पुलावरून जाल, त्याच्या खाली चंबळ आहे. ती जानापावच्या डोंगरातून नुकतीच निघालेली असते आणि तिचे पाणी यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला जाते. पुढे सरदारपूरला आमची मही भेटेल. तिचा उगमही जवळच मिंडा गावाजवळचा. ती आधी उत्तरेला राजस्थानात वागड प्रदेशात जाते, वळसा घेऊन गुजरातेत उतरते आणि बडोद्याजवळून खंभातच्या आखाताला मिळते. म्हणजे या दोन पुलांच्या मध्ये कुठेतरी आपण पाणलोटाचा दुभाजक ओलांडलेला असेल, आणि तिथे त्याची कसलीही खूण नाही. आपल्याला साडेतीनशे किलोमीटर जायचे आहे, महीला त्याच बाजूला पोहोचायला ५८३ किलोमीटर लागतात. बडोदेकर जे पाणी पितात त्यात महीचाही वाटा आहे, त्यामुळे नव्या घरी आमच्याकडचे पाणी आपल्याला मिळत राहील.

रामबागकर, आता बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. गृहस्थ, आपण लिहिले ते पत्नीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की हे तिला स्वतःला सांगावे लागले नाही याचे तिला बरे वाटले. त्यानंतर मी ट्रकबरोबर गेलो, घर लावले, सासूबाईंचे डॉक्टर ठरले, आणि फेब्रुवारीत रात्रीच्या गाडीने इंदूरला परतलो. रामबागेतले घर मालकांच्या स्वाधीन केलेले असल्यामुळे त्या रात्री जन्मगावात पहिल्यांदाच पाहुणा म्हणून शेजाऱ्यांकडे झोपलो. पहाटे खिडकीतून आमच्या घराचा ओटा दिसत होता आणि त्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी चपला होत्या. निघायला त्यामुळे सोपे गेले की अवघड, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

धारला दुपारी बारालाच पोहोचलो. मित्राबरोबर किल्ल्यावर गेलो. दुसरे बाजीराव पेशवे १७७५ साली या किल्ल्यात जन्मले, हे त्याने मला १९९४ मध्येही सांगितले होते आणि आताही त्याच उत्साहाने सांगितले. माछलिया घाट दुपारी दोनच्या सुमारास उतरलो, ब्रेकविषयीची सूचना तंतोतंत पाळली. झाबुआत दोन रात्री राहिलो. मित्राच्या पत्नीशी आधीच बोलून ठेवले होते, म्हणून त्यांनी खाकऱ्याच्या (पळसाच्या) पानांत भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ असा बेत निवांतपणे केला होता. पहिल्या संध्याकाळी मी खरोखरच आठ वाजता झोपलो. गप्पा झाल्या त्या दुसऱ्या दिवशी.

दाहोदच्या मित्राला ताईंनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिले होते. ते लिहायला मला चार रात्री लागल्या आणि शेवटी पाऊण पानच झाले. त्याचे उत्तर पोस्टकार्डावर आले : 'मंगळवारी मला ड्यूटी आहे. बुधवारी ये.' नमस्कार नव्हता, सही होती. झाबुआहून बुधवारी निघालो. पिटोलच्या पुढे कॅसेटच्या बाजूचा एक स्पोक तुटला. चाक जमेल तेवढे सरळ करून, ओझे पुढे हलवून हळूहळू दाहोद गाठले आणि आधी लॉजवर जाऊन अंघोळ करून त्याच्या घरी गेलो.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नव्हे, चाकाकडे पाहिले. तो रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याने कॅसेट काढली, मी बांधून आणलेल्या स्पोकपैकी योग्य लांबीचा निवडला आणि अंगणात दिव्याखाली बसून तासभर चाक फिरवत राहिला. मी निप्पल पुढे करत होतो. चाक पूर्ण सरळ झाले तेव्हा, नजर त्यावरच ठेवून, त्याने विचारले, "बाबा गेले तेव्हा तू इंदुरातच होतास ना?" मी म्हणालो की होतो. मग तो म्हणाला की बाबा शेवटच्या आठवड्यात माझे नाव घेऊन विचारत असत. यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते आणि मी काही बोललो नाही. त्याने लॉजवरच्या माझ्या पिशव्या मुलाला पाठवून आणवल्या. रात्री त्यांच्या तसबिरीला हार घालण्यासाठी त्याच्या आईने मला पुढे केले.

बारियाचा मुक्काम आनंदात झाला, त्याविषयी वेगळे लिहीन. शेवटच्या दिवशी पावागड डावीकडे ठेवून आजव्यावरून आलो आणि संध्याकाळी साडेपाचला पाणीगेटात शिरलो. ताई, मफलर कामी आला. आजवा रस्त्यावर एका लिंबाच्या झाडाखाली मांजा खरोखरच गळ्यापाशी आला होता.

दाहोदचा मित्र होळीनंतर दोन दिवसांसाठी बडोद्याला येणार आहे आणि त्याने स्वतःची सायकल रेल्वेने आणायचे ठरवले आहे. आम्हा दोघांना मांडवीहून पावागडच्या पायथ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतायचे आहे. त्या रस्त्यावर सकाळी कारखान्यांच्या बसगाड्यांची वर्दळ किती वाजता सुरू होते, हे बडोद्यातल्या कुणी कळवल्यास बरे होईल.